दूध उतू जातंय म्हणणारा डबा

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, पण या घरात मला कुणी कॉम्प्युटर म्हणत नाही. डबा म्हणतात. "डब्यावरची धूळ पुसलीस का?" "डब्याजवळ पाणी ठेवू नकोस गं!" पूर्वी मला या नावाचा फार राग यायचा. अहो, डब्यात रवा ठेवतात, पोहे ठेवतात! पण माझ्यात काय ठेवलं गेलं ते ऐकलंत, तर तुम्हीही मला डबाच म्हणाल. जरा मायेनं म्हणाल, एवढंच.

माझा जन्म उल्हासनगरचा, कॅम्प दोन या वस्तीतला. एकोणीसशे एक्याण्णव साल होतं. वासुमलशेठच्या दुकानात मी तयार झालो. शेजारी पापडांचं दुकान होतं, त्यामुळे पहिला वास माझ्या पत्र्याला लागला तो पापडखाराचा. माझा पत्रा मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये ठोकलेला. पडदा मुंबईतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला. कीबोर्ड तिसरीकडचा, आणि आतली सर्किटची पाटी कुठूनशी समुद्रापलीकडून आलेली. म्हणजे मी काही एका घरचा नाही, चार घरचा मिळून झालेलो आहे. वासुमलशेठनी शेवटचा स्क्रू पिळला, माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाले, "चल बेटा, उठ." मी 'टूं' केलं. "जिंदा है, साईं!" असं ते समोर बसलेल्या दोन माणसांना म्हणाले.

ती दोन माणसं म्हणजे दिनानाथ गुप्ते आणि त्यांची मुलगी मीनल. दिनानाथराव अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. मीनल कॉम्प्युटर शिकलेली होती आणि तिला घरीच क्लास काढायचा होता. रिक्षात माझा पडदा मीनलच्या मांडीवर आणि मी दिनानाथरावांच्या. रस्ता कसला होता म्हणता! प्रत्येक खड्ड्याला दिनानाथराव मला पोटाशी धरायचे आणि आधी घसा खाकरून मग रिक्षावाल्याला म्हणायचे, "अरे बाबा, हळू. आत मेंदू आहे."

हे खाकरणं लक्षात ठेवा. दिनानाथराव काहीही बोलायच्या आधी खाकरत. 'खर्र, खर्र' आणि मग वाक्य. चहा मागायचा असला तरी खर्र, खर्र.

घरी दारात उमाबाई उभ्या होत्या, मीनलची आई. त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झालेला होता. उजेड-अंधार कळे, खिडकी कुठे आहे ते कळे, त्यापलीकडे काही नाही. त्यांनी मला हातांनी पाहिलं. माझ्या कडा, माझी बटणं, पाठीमागच्या वायरी, सगळं चाचपलं. मग माझ्या पंख्याच्या जाळीवर तळहात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, हा तर तापलाय!" दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी क्रोशाचं झाकण विणायला घेतलं. तापलेल्याला कोणी पांघरूण घालतं का? पण त्यांनी घातलं, आणि मला ते आवडलं.

क्लास सुरू झाला. मुलं विठ्ठलवाडीहून, बदलापूरहून यायची. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन यायचं, मग माझ्यापुढे बसायचं, असा उमाबाईंचा दंडक होता. "सरस्वती आहे ती," म्हणायच्या. सरस्वती बिचारी दिवसभर बोटांचा मार खात असे. ही मुलं कुठून कुठून फ्लॉप्या आणायची आणि त्यांतून माझ्या पोटात व्हायरस शिरायचे. फ्लॉपी ठाऊक आहे ना? कागदी पाकिटात ठेवायची, काळी, पातळ, पोळपाटावरच्या पोळीपेक्षा लहान चौकोनी वस्तू. तिच्यात एक तपकिरी चकती असते आणि ती चकती एका लांबट खिडकीतून उघडीच दिसते. त्या खिडकीला बोट लावायचं नसतं. माझं पोट बिघडलं की मीनल मला पुसून कोरा करायची आणि सगळं पुन्हा भरायची. दोन-तीन महिन्यांनी हे ठरलेलंच.

दिनानाथरावांची खुर्ची माझ्या शेजारी, खिडकीपाशी. तिथून स्वयंपाकघरातला गॅस सरळ दिसायचा. ते पेपर वाचत बसत आणि पेपराच्या वरून उमाबाईंवर त्यांचा डोळा असे. कारण या घरात उमाबाईंचे डोळे म्हणजे दिनानाथरावांचा आवाज होता. "अगं, डावीकडे खुर्ची आहे." "पायरी, पायरी." "ती बरणी तिखटाची, साखरेची नव्हे." आणि रोज सकाळी न चुकता, खर्र, खर्र, "दूध उतू जातंय!" की उमाबाई धावल्याच. त्यांना स्वयंपाकघरात काठी लागत नसे, कुणाचा हात लागत नसे. हा आवाज होता तोवर त्या पुऱ्यासुद्धा तळत. "तुमचं खाकरणं ऐकू आलं की मी निम्मी पोचलेली असते," असं त्या म्हणायच्या.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्या संध्याकाळी क्लासही नसे. मग दिनानाथरावांचा 'समजा' सुरू व्हायचा. माझ्याकडे बघत ते खाकरायचे आणि म्हणायचे, "मीनल, समजा, या डब्याला नाक असतं तर? दूध करपायच्या आधी यानेच सांगितलं असतं." मीनल म्हणायची, "समजा, नाक असतं तर बाबा, त्याने तुमचे मोजेही सांगितले असते." मग ते, "समजा, आईच्या आमटीची चव फ्लॉपीवर घेता आली, तर ऑफिसात नुसता भात न्यायचा." आतून उमाबाई, "समजा समजा करत बसा दोघं! दळण कोण आणणार? समजा, मी आज पोळ्याच केल्या नाहीत तर?" की दिनानाथराव पिशवी घेऊन निघालेच.

मला हा खेळ फार आवडायचा, मित्रांनो. मीही मनातल्या मनात खेळायचो. एकदा वासुमलशेठनी माझा पंखा बदलला, पुढच्या वर्षी आतला वीजपुरवठ्याचा डबा बदलला, तेव्हा मला प्रश्न पडला, समजा, माझं सगळंच एक एक करून बदललं, तर मग मी कोण? दिनानाथरावांनाही नेमका तोच प्रश्न पडला. ते म्हणाले, "हे बघ, हार्डवेअर म्हणजे देह. तो बदलला तरी चालतं. सॉफ्टवेअर म्हणजे आत जे आहे ते. ते एकातून काढून दुसऱ्यात घालता येतं. मग काय बिघडलं?" मला ते पटलं. पंखा गेला त्याचं वाईट वाटलं होतं, तेही जरा कमी झालं.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं आंबे खाल्ले म्हणून. मग मीठ-पाण्याच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं. आवाज बसलेलाच. मुंबईच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि एका दुपारी बापलेक घरी आले ते गप्पच. उमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना चेहरे दिसत नव्हते. "काय म्हणाले? कोणीतरी बोला ना!" त्या ओरडल्या. तेव्हा मीनलनं सांगितलं. घशातली गाठ वाईट होती. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. बाबांना पुन्हा बोलता येणार नाही.

उमाबाई माझ्या टेबलाला धरून खाली बसल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहून दाखवाल, आणि मी वाचू कशानं?"

 मीनल दिवसभर काही घरात बसू शकत नव्हती, घरच्या क्लासखेरीज ती बाहेरही शिकवायला जायला लागली होती. मागे उरणार कोण? एक ज्यांना बोलता येत नाही ते, आणि एक ज्यांना दिसत नाही त्या. टाळी वाजवली तर उमाबाईंना कळणार कसं की पायरी आली की तवा तापला?

मग शुक्रवार आला. दिनानाथराव खुर्चीत बसले. त्यांचा आवाज घोगरा होता, तरी त्यांचाच होता. ते खाकरले आणि म्हणाले, "मीनल, समजा... घसा म्हणजे हार्डवेअर. आवाज म्हणजे सॉफ्टवेअर. घसा काढतायत ना? काढू देत. आवाज आधीच या डब्यात चढवून ठेवला तर?"

मीनल एकदम उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती कॅम्प दोनला गेली. वासुमलशेठ स्वतःच तिच्याबरोबर आले, काखोटीला साउंड कार्ड, म्हणजे मला आवाज देणारी पाटी, आणि हातात माईक. मला उघडून त्यांनी ते कार्ड आत बसवलं. एरवी सतत बडबड करणारा माणूस, पण त्या दिवशी फक्त त्यांचे हात बोलत होते. जाताना दिनानाथरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साईं, अपना डबा छोटा आहे, पण बहुत ईमानदार आहे. तुमचा आवाज संभाळेल." मित्रांनो, माझी एवढी तारीफ त्याआधी कोणी केली नव्हती.

पण आवाजाला जागा फार लागते हो! लिहिलेली पानंच्या पानं जिथे मावतात, तिथे बोलणं मावतं दोन-अडीच मिनिटांचं. माझ्या पोटात ठेवायची सोय नव्हती, कारण व्हायरस आला की मी कोरा. म्हणून मीनलनं ठरवलं, एक फ्लॉपी भरायची आणि तिची दुसरी जशीच्या तशी करायची. आता सांगा, आयुष्यभराच्या बोलण्यातलं दोन मिनिटांचं निवडायचं तर तुम्ही काय निवडाल?

मला वाटलं होतं दिनानाथराव स्वतःसाठी काही ठेवतील. 'पाणी', 'भूक लागली', 'दुखतंय', असं काहीतरी. 'पाणी' तेवढं ठेवलं. बाकी सगळं उमाबाईंचंच. "पायरी आहे." "डावीकडे." "उजवीकडे." "तवा गरम आहे." "काच फुटलीय, चप्पल घाल." "दाराशी कोणी नाही, वारा आहे." "दूध उतू जातंय." एकेक वाक्य ते माईकसमोर असं म्हणत होते की जणू खरोखरच काच फुटलीय आणि खरोखरच दूध वर आलंय. मीनल पुसत होती डोळे आणि दाबत होती बटणं.

शेवटी थोडी जागा उरली. मीनल म्हणाली, "बाबा, आईचं नाव घ्या ना."

"नाव कशाला?" ते दचकले. "अगं म्हटलं की येते ती. लग्नानंतर कधी घेतलं नाही, आता या वयात?"

"बाबा, समजा," मीनल म्हणाली, "समजा, आईला ऐकायचं असलं तर?"

स्वयंपाकघरात उमाबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. दिनानाथरावांचे कान लाल झाले. ते खिडकीबाहेर बघत खाकरले. मीनल म्हणाली, "दर वाक्याला सांगतेय बाबा, खाकरू नका, ते रेकॉर्ड होतंय. पुन्हा." मग खाकरणं गिळून ते अगदी हळू म्हणाले, "उमा."

आत काहीतरी खणकन पडलं. बहुतेक उलथनं असावं.

ऑपरेशन झालं. दिनानाथराव दसऱ्याच्या आधी घरी आले. गळ्याला पट्टी, अंगात ताकद नाही. ते खुर्चीत नुसते बसत आणि उमाबाई त्यांचा हात धरून बाजूला बसत. मीनलनं ठरवलं होतं, दसऱ्याचा मुहूर्त चांगला, त्या संध्याकाळी फ्लॉपी लावायची आणि आईला बाबांचा आवाज ऐकवायचा. दोन्ही फ्लॉप्या तिनं देवघराच्या खणात जपून ठेवल्या होत्या.

आता दसऱ्याला आपल्याकडे काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे. ज्या यंत्रावर, ज्या हत्यारावर घर चालतं, त्याची पूजा करायची. सकाळी दिनानाथराव पडून होते, मीनल दारात तोरण बांधत होती. उमाबाईंनी पाट मांडला. पाटावर त्यांचं शिवणाचं मशीन, विळी, दिनानाथरावांची कारखान्यातली मोजपट्टी. मला दरवर्षीप्रमाणे कपाळावर हळदकुंकू आणि डोक्यावर झेंडूचं फूल. मग त्या थांबल्या. या घरात आता सगळ्यात मोठं यंत्र कोणतं? त्या देवघराशी गेल्या, चाचपत खण उघडला आणि त्या दोन फ्लॉप्या आणून पाटावर ठेवल्या.

पूजा काही पाकिटाची करत नाहीत. त्यांनी दोन्ही पाकिटांतून बाहेर काढल्या. बोटांनी चाचपून बघितलं. बाकी सगळं काळं आवरण गुळगुळीत होतं आणि मध्ये एक लांबट खिडकी हाताला लागली. देवाचं अंग जिथे उघडं असेल तिथेच बोट लावायचं, ही आपली रीत. त्यांनी बोट पाण्यात बुडवलं, हळदीत बुडवलं आणि नेमकं त्या खिडकीत टेकवलं. मग कुंकू. मग चिमूटभर अक्षता. दोन्हींना. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "यांचा आवाज सांभाळ रे बाबा." मग दोन्ही पुन्हा पाकिटांत घालून खणात ठेवून दिल्या.

माझा स्विच बंद होता, मित्रांनो. आणि चालू असता तरी मी 'टूं' करण्यापलीकडे काय करणार होतो? मुक्या माणसाचं दुःख काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मीनलनं मला उठवलं. आपट्याची पूजा झाली, सोनं वाटून झालं. उमाबाई नवी साडी नेसून माझ्यासमोर बसल्या. मीनलनं घाईत दिवा न लावताच पाकिटातून फ्लॉपी काढली आणि माझ्या तोंडात घातली. अक्षतांचा एक दाणा चकतीबरोबर आत आला आणि फिरू लागला. करकर करकर असा आवाज झाला. मी वाचायचा प्रयत्न केला. काही वाचता येईना. पडद्यावर अक्षरं आली, 'वाचता येत नाही'. मीनलनं घाबरून दुसरी घातली. तेच. मग तिनं दिवा लावून फ्लॉपी हातात घेतली आणि पिवळा-लाल डाग बघून किंचाळली, "आई, हे काय केलंस!"

उमाबाईंना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.  हळदीनं पिवळं झालेलं आपलं बोट पदराला पुसत राहिल्या, पुसत राहिल्या. "माझ्या हातानं," एवढंच म्हणाल्या. "माझ्याच हातानं."

दिनानाथराव उठले. ते तोंड उघडत होते आणि नुसता वारा बाहेर येत होता. आपल्या बायकोला 'असू दे गं' एवढंसुद्धा त्यांना म्हणता येत नव्हतं. त्यांनी तिचं ते बोट धरलं आणि आपल्या गळ्याच्या पट्टीवर ठेवलं. किती तरी वेळ तसंच धरून ठेवलं.

सकाळी वासुमलशेठ आले. फ्लॉप्या उजेडात धरून ते चुकचुकले. "भाभी, रडू नका. चकती धुता येते. बस, जोर नाय लावायचा." त्यांनी ब्लेडनं काळ्या आवरणाची एक बाजू हळूच कापली आणि आतली तपकिरी चकती बाहेर काढली. मीनलनं ती घ्यायला हात पुढे केला. तेव्हा उमाबाई म्हणाल्या, "माझ्याकडे द्या. माझ्या हातानं लागलंय, माझ्याच हातानं निघू दे."

मग त्या मोरीशी बसल्या. साबणाचं कोमट पाणी, आणि त्यांची ती बोटं. डोळे नसलेल्या माणसाची बोटं कशी असतात, पाहिलीयत का? हळदीचा बारीकसा कण कुठे चिकटलाय ते त्यांना कळत होतं. लहान बाळाचं तोंड पुसावं तशा त्या चकती पुसत होत्या. मऊ जुन्या पातळाच्या तुकड्यावर दोन्ही चकत्या वाळवल्या. वासुमलशेठनी त्या कोऱ्या फ्लॉप्यांच्या आवरणांत सरकवल्या. मग माझं तोंडही कापसानं, स्पिरिटनं साफ केलं. "अब तेरी बारी, बेटा," मला म्हणाले.

एकीवर अक्षतांच्या दाण्यानं ओरखडाच ओढला होता. ती गेली ती गेलीच. दुसरी मीनलनं माझ्यात घातली. तिनं 'पायरी' मागितलं. मी जोर लावला. नाही. 'डावीकडे.' नाही. 'पाणी.' नाही. 'काच', 'तवा', 'दार', काहीच नाही. मीनलनं शेवटी उमाबाईंचं नाव मागितलं. खूप धडपडलो मी, मित्रांनो. खरंच सांगतो, माझ्या सगळ्या जोडलेल्या अंगांनिशी धडपडलो. नाही आलं.

एकच उरलं होतं. मीनलनं बटण दाबलं. माझ्या तोंडात चकती फिरली. खर्र, खर्र... आणि मग दिनानाथरावांचा आवाज, घोगरा पण स्पष्ट, "दूध उतू जातंय!"

उमाबाई उठल्या आणि धावल्या. अगदी रोजच्यासारख्या, पदर खोचत, गॅसकडे. गॅसवर काहीच नव्हतं. बटण चाचपलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि त्या तिथेच ओट्याला टेकून हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. मीनल रडत होती, वासुमलशेठ नाक शिंकरत होते, आणि दिनानाथराव आवाज न करता गदगदा हसत होते.

मीनल म्हणाली, "आई, तुझं नाव गेलं गं." तेव्हा उमाबाई म्हणाल्या, "असू दे. ते मी ऐकलंय. ते एकदा ऐकलं की पुरतं. रोज लागतं ते दुधाचं."

आणि खरंच पुरलं हो! त्या एका वाक्यावर त्यांनी पुढची वर्षं काढली. दिनानाथरावांना हाक मारायची असली की ते माझं बटण दाबत, "दूध उतू जातंय!" पायरीपाशी उमाबाई आल्या की, "दूध उतू जातंय!" त्या तिथल्या तिथे थांबत आणि पाय चाचपून टाकत. पाहुणे आले, औषधाची वेळ झाली, पेपरात काही गमतीचं आलं, सगळ्याला तेच. आलेल्या माणसांना वाटे, या घरात दुधाचा काय धंदा आहे? पण कुठल्या वेळी काय म्हणायचंय ते उमाबाईंना बरोबर कळे. एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. उमाबाई तावातावानं बोलत होत्या आणि दिनानाथराव दर वाक्याला बटण दाबत होते. शेवटी त्याच हसल्या आणि म्हणाल्या, "पुरे! किती लिटर उतू घालवताय?"

मधल्या काळात माझी हार्ड डिस्क गेली. मुलांसाठी नवी मशीन आली आणि मीनलनं विठ्ठलवाडीत गाळा घेऊन क्लास तिकडे नेला. मी मात्र टेबलावरच राहिलो. त्या एकाच फ्लॉपीवर उठायचं आणि एकच वाक्य म्हणायचं, एवढंच माझं काम.

सत्त्याण्णवच्या थंडीत दिनानाथराव गेले. झोपेतच गेले. खुर्ची रिकामी झाली आणि माझ्यावर क्रोशाचं झाकण पडलं ते दोन वर्षं निघालं नाही. कोणी बटण दाबलं नाही. उमाबाई स्वयंपाकघरात जायच्याच बंद झाल्या.

यंदा मीनलनं घरात नवा कॉम्प्युटर आणला. काय तो रंगीत पडदा, काय ते दोन बाजूंचे स्पीकर! मीनल मुलगी गुणाची. तिनं वासुमलशेठच्या दुकानात जाऊन आधी बाबांचा आवाज फ्लॉपीवरून नव्या मशीनमध्ये उतरवून घेतला. मग भंगारवाल्याला बोलावलं. बदलापूरकडचा जनू हातगाडी घेऊन दाराशी आला आणि मला बघून म्हणाला, "काय गो ताई, यो डबा द्यायाचा हाय ना?"

"हो, पण थांब जरा," मीनल म्हणाली. "आई, ये इकडे. बाबांचा आवाज ऐक, किती स्वच्छ येतो बघ." तिनं बटण दाबलं. क्षणाचाही वेळ न लागता, दोन्ही स्पीकरांतून, "दूध उतू जातंय!"

उमाबाई हलल्या नाहीत. मान वाकडी करून त्यांनी ऐकलं. मीनलनं पुन्हा दाबलं. त्या पुन्हा ऐकत राहिल्या.

"आई, बाबांचाच आहे गं."

"त्यांचाच आहे," उमाबाई म्हणाल्या. "पण खाकरले नाहीत."

मीनल मग माझ्याकडे वळली. तिनं झाकण काढलं, फ्लॉपी घातली, मला उठवलं. मी दोन वर्षांनी उठत होतो. अंगात धूळ होती. तिनं बटण दाबलं आणि माझ्या म्हाताऱ्या तोंडात ती चकती फिरू लागली. खर्र, खर्र...

"दूध उतू जातंय!" म्हणायच्या आधीच उमाबाई निम्म्या वाटेवर पोचलेल्या होत्या.

दिनानाथराव म्हणायचे, देह बदलला तरी चालतं, आतलं तेवढं राहिलं पाहिजे. त्यांचं सगळं बरोबर होतं, एवढं एक सोडून. ते असते तर मी त्यांना सांगितलं असतं, "समजा, साहेब, हा खरखरणारा डबाच नसता तर?"

जनू गाडी ढकलत रिकामाच गेला. मीनलनं आईच्या टिकल्यांच्या जुन्या पाकिटातली एक टिकली घेऊन माझ्या बटणावर चिकटवली, म्हणजे ते बोटाला चटकन सापडतं.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू भंगारात देताना एकदा थांबा. ती चालते का, एवढंच विचारू नका. तिच्यावाचून कोणाचं काय थांबेल, तेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. माझी चकती आता झिजत चालली आहे, माझं तोंडही फार दिवस टिकेल असं नाही. पण आज सकाळी उमाबाईंनी चहा केला, दुधाचं पातेलं उतरवलं आणि ओटा पुसला. मग हात पदराला पुसत त्या माझ्यापाशी आल्या, टिकली शोधली आणि बटण दाबलं. मी खाकरलो. मग म्हणालो, दूध उतू जातंय.

रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "बंद केलाय हो गॅस. या आता चहाला."